दोन तारांचा पीळ

स्पीकर घ्यायची वेळ आली की मित्रांच्या ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो : बॅलन्स्ड घेऊ की अनबॅलन्स्ड? उत्तरही ठरलेलं. बॅलन्स्ड म्हणजे प्रोफेशनल, म्हणजे भारी, म्हणजे जास्त पैसे. मला या प्रश्नाचं उत्तर दुकानापेक्षा टेलिफोनच्या इतिहासात जास्त नीट सापडतं.

१८७६ साली ग्रॅहम बेलला टेलिफोनचं पेटंट मिळालं. सुरुवातीच्या टेलिफोन लाइन तारयंत्राच्याच धर्तीवर टाकल्या गेल्या : खांबावरून एकच तार आणि विजेच्या परतीसाठी जमीन. तारेचा खर्च निम्मा. तारयंत्राच्या ‘कडकट्ट’ला एवढं पुरत होतं, पण माणसाच्या आवाजाचा सिग्नल नाजूक. शेजारच्या तारेवरचं बोलणं, तारयंत्राची टकटक, सगळं कानात येई. १८८०च्या दशकाअखेरीस अमेरिकेतल्या शहरांत विजेच्या ट्राम धावू लागल्या. त्यांचा प्रवाहही रुळांतून आणि जमिनीतूनच परतायचा, त्यामुळे गोंगाट आणखी वाढला.

उपाय बेलनेच १८८१च्या पेटंटमध्ये मांडला होता : जमीन सोडा, दोन तारा घ्या आणि त्यांना एकमेकींभोवती पीळ द्या. बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांवर जवळपास सारखाच पडतो. पलीकडचं यंत्र फक्त दोन तारांमधला फरक ऐकतं. सिग्नल म्हणजे तो फरक, म्हणून तो उरतो. गोंगाट दोन्हीकडे सारखा, म्हणून वजा होतो. बॅलन्स्ड जोडणी म्हणजे एवढंच.

पुढे रेडिओ केंद्रं आणि स्टुडिओंनी हीच युक्ती उचलली, कारण तिथे मायक्रोफोनचा क्षीण सिग्नल लांबवर न्यायचा असतो. आजच्या तीन पिनांच्या एक्सएलआरचं मूळ अमेरिकेतल्या कॅनन कंपनीकडे जातं. घरात जागा मिळवली ती आरसीएच्या साध्या, स्वस्त पिनने. तिचं मूळ काम शेजारी ठेवलेला रेकॉर्ड प्लेअर रेडिओला जोडण्याचं. अंतर हातभर, त्यामुळे एक तार आणि तिच्याभोवती जाळी पुरे.

ती जाळीच सिग्नलच्या परतीचा रस्ता असते. दोन्ही यंत्रं अर्थिंगला जोडलेली असतील तर जाळीतून अर्थिंगचा प्रवाहही वाहू शकतो आणि स्पीकर ५० हर्ट्झच्या सुरात गुणगुणतो. इथे बॅलन्स्ड खरंच कामी येतं. पण टेबलावर दीड फुटाची केबल आहे आणि गुणगुण नाही, तर जास्तीचे पैसे कशाला? दुकानात बॅलन्स्ड जोडताच आवाज ‘खुलला’ असं वाटतं, तेव्हा आधी व्हॉल्यूम सारखा करून ऐका. बॅलन्स्ड आउटपुट बहुतेकदा दुप्पट व्होल्टेजचं असतं, आणि मोठा आवाज कानाला चांगला वाटतोच. शिवाय दोन्ही टोकांची यंत्रं आतून खरी बॅलन्स्ड हवीत. नुसती पिन बदलून गोंगाट वजा होत नाही.

मी दिवसभर ज्या इथरनेट केबलवरून कोड पाठवतो, तिच्या आत पीळ दिलेल्या चार जोड्या आहेत. तिथे तो पीळ लागतोच, कारण केबल कित्येक मीटर लांब असते. तुमच्या टेबलावर तो लागतो का, हे सांगायला किंमतीची पाटी नको, मोजपट्टी आणि आपले कान पुरेत.