गिलानचा गावान आणि बिदरचा मदरसा

आमच्या सरेत नोव्हेंबर लागला की पाऊस थांबायचे नाव घेत नाही. परवा ऑफिसात खिडकीशी चहा घेत उभे होतो, तेव्हा एक इराणी सहकारी म्हणाला, "अगदी आमच्या गिलानसारखा पाऊस!" गिलान म्हणजे कास्पियन समुद्राकाठचा प्रांत. त्याला सांगितले, तुझ्या गावाकडचा एक माणूस आमच्याकडे पाचशे वर्षांपूर्वी येऊन गेला. त्याला काही पटेना!

तो माणूस म्हणजे महमूद गावान. आम्ही उदगीरकर. शाळेची सहल हमखास बिदरला जायची. त्याच्या पडक्या मदरशाच्या सावलीत आम्ही डबे खाल्ले, मिनाराला हात लावून पळालो, पण ही इमारत कशाची हे कुणी सांगितल्याचे आठवत नाही.

गावान 1453 च्या सुमारास आपल्या कोकणातल्या दाभोळ बंदरात उतरला, तोही व्यापारी म्हणून. वय चाळिशीच्या पुढे. बिदर तेव्हा बहमनी राज्याची राजधानी. बघता बघता तो वजीर झाला. विशाळगड (तेव्हाचा खेळणा) आणि गोवा त्याने जिंकले. मोठे सुभे मोडून आठ केले, माहूर आणि जुन्नर त्यातलेच. अर्थात त्यामुळे जुन्या सरदारांची ताकद कमी झाली आणि ते दुखावले.

1472 च्या सुमारास त्याने मदरसा बांधला. आज मदरसा म्हटले की जे चित्र डोळ्यांसमोर येते ते जरा बाजूला ठेवा. हे त्या काळातले निवासी महाविद्यालयच होते. तीन मजले, मधे चौक, चारी बाजूंना कमानी, समोर दोन उंच मिनार आणि भिंतींवर निळ्या-पिवळ्या-पांढऱ्या इराणी फरशा. धर्मशास्त्राबरोबर तत्त्वज्ञान, गणित, खगोलही शिकवत. ग्रंथालयात तीन हजार हस्तलिखिते होती असे सांगतात. शिकवायला इराणातून पंडित बोलावले. हेरातचा प्रसिद्ध कवी जामी यालाही त्याने आग्रहाची पत्रे पाठवली, पण तो काही आला नाही. (इकडे यायला तयार नसलेले आमचे काही मित्र आठवले!)

दरबारात मात्र दोन तट होते: इथले 'दख्खनी' आणि बाहेरून आलेले 'आफाकी'. गावान आफाकी. त्याने पदे दोघांत सारखी वाटून पाहिली, पण वैर मिटले नाही. विरोधकांनी त्याचा शिक्का सांभाळणाऱ्याला फितवून कोऱ्या कागदावर शिक्का मारून घेतला आणि त्यावर ओरिसाच्या राजाला चढाईचे आमंत्रण लिहिले. दारूच्या नशेतल्या सुलतानाने शहानिशा न करता 5 एप्रिल 1481 रोजी त्याला मारले. नंतर घर तपासले तर फारसे धन निघाले नाही. पुढच्याच वर्षी सुलतानही गेला आणि हळूहळू राज्याचे पाच तुकडे झाले. आपल्या इतिहासातली निजामशाही आणि आदिलशाही त्यातूनच निघाल्या.

मदरशाचे काय झाले? मोगलांच्या काळात तिथे सैन्य आणि दारूगोळा ठेवला होता. 1696 साली वीज पडून तो पेटला असे सांगतात. एक मिनार आणि दर्शनी भागाचा मोठा हिस्सा कोसळला. शाळेत दारूगोळा ठेवल्यावर दुसरे काय होणार!

सहकाऱ्याला हे सगळे ऐकवले. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग विचारले, "तो परत गेला का गिलानला?" म्हटले, नाही. बिदरजवळच त्याची कबर आहे, साधीशी. यावर दोघेही खिडकीतून बाहेर बघत राहिलो.

मलाही इथे येऊन बरीच वर्षे झाली. 'बाहेरचा' हा शब्द अधूनमधून कानावर पडतोच. गावानने तो ऐकत तीन मजली विद्यालय उभे केले. आपण काय उभे केले, हे मात्र मला अजून सांगता आलेले नाही.

असो. पुढच्या सुट्टीत उदगीरला आलो की मुलांना घेऊन बिदरला जाणार आहे. या वेळी डबा उघडण्याआधी त्यांना गोष्ट सांगायची.