बेळगावची बुलेट आणि परसातलं इंजिन

आपल्याकडे शहापूरच्या मागांवर, मांड्यांवर, नाटक मंडळ्यांवर पुष्कळ लिहून होतं. पण बेळगावात इतक्या घरांच्या परसात बुलेटचं इंजिन उघडलं जायचं, त्यावर कुणी लिहिलेलं मी तरी पाहिलं नाही.

हे बेळगावातच का, तर त्याला कारणं आहेत. पहिलं कारण कॅम्प. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र 1922 पासून इथं आहे, आणि स्वातंत्र्यानंतर लष्करानं 350 सीसीची बुलेट घेतली. तिच्या मागणीतूनच 1955 मध्ये मद्रासला एन्फील्ड इंडिया उभी राहिली. निवृत्त होऊन आलेल्या सुभेदार-हवालदारांना ही गाडी हातातली होती. दुसरं कारण लोखंड. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 मध्ये सायकलचं दुकान काढलं ते बेळगावात. 1910 मध्ये त्यांचा कारखाना कुंडलच्या माळावर गेला खरा, पण भट्टी आणि लेथ यांचं वेड गावात राहिलं. पुढं उद्यमबागेत फाउंड्र्या झाल्या.

तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, ते म्हणजे शेतातलं ऑइल इंजिन. विहिरीवर आणि गुऱ्हाळावर धडधडणारं ते एका सिलिंडरचं इंजिन आणि बुलेट ही सख्खी नसली तरी चुलत भावंडं. एकच मोठा पिस्टन, जड फ्लायव्हील, बिडाचं बॅरल. इंजिनाचं लायनर बदलणाऱ्या मिस्त्रीला बुलेटचं बॅरल परकं वाटायचं नाही. शहरातल्या मोठ्या गॅरेजवाल्यांपेक्षा ह्याच माणसांनी बुलेटी जगवल्या, असं माझं मत आहे.

आमची गाडी 1968 ची, आजोबांनी लष्करी लिलावातून घेतलेली. पुढं ती बाबांकडे आली. बाबा खानापूरच्या जंगलपट्टीतल्या एका हायस्कुलात मास्तर. त्या बाजूला दिवसातून एकच बस, तीही पावसाळ्यात बेभरवशाची. 1986 च्या उन्हाळ्यात गाडी निळा धूर सोडायला लागली, चढाला दम टाकायला लागली. शाळा जूनमध्ये उघडणार. तोवर इंजिन झालं नाही तर खानापूरला खोली घेऊन राहायचं, म्हणजे दोन चुली. आजीचं एकच पालुपद, "ते धूड विकून टाक आणि बदलीचं बघ." शेजारचे काका रोज कुंपणावरून विचारायचे, "काय करूलालास गा, अजून उघडूनच ठेवलास?"

बुलेटचं वरचं काम चॅसीतून इंजिन न उतरवता होतं. टाकी काढली, हेड काढलं, की बॅरल वर उचलून येतं. परसात पोतं अंथरून बाबांनी प्रत्येक नट कुठला ते पाटीवर लिहून ठेवलं होतं. पण आत बघतात तर बिग एंडलाही ढिलाई. मग सगळंच खाली उतरलं. टायमिंगच्या बाजूला ऑइल पंप फिरवणारा वर्म नट आहे, त्याचे आटे उलटे. हे ठाऊक नसलेला माणूस जोर लावून तो आणखी आवळतो नाहीतर मोडतो. क्रँक घरी करायचं काम नव्हे. दोन फ्लायव्हील क्रँकपिनवर निमुळत्या बसणीत आवळलेली असतात, आणि जोडल्यावर ती डायल लावून सरळ करावी लागतात. ते वर्कशॉपात गेलं. कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या डोळ्यात तेव्हा तरंगती बुश असायची, ती नवीन घातली.

खरी अडचण बॅरलची. मूळ बोअर 70 मिलिमीटर, स्ट्रोक 90. ओव्हरसाइझ पिस्टन मिळायचे वीस, चाळीस आणि साठ थाऊचे, आणि आमचं बॅरल आधीच साठवर होतं. मिस्त्रींनी आतून बोट फिरवलं, वरच्या टोकाला पडलेली धार चाचपली आणि म्हणाले, "मास्तर, आता बोअर मारायला मटेरियल उरलं नाही बघा." नवीन बॅरल पगाराच्या हिशेबात बसत नव्हतं. मिस्त्रींनीच तोड काढली. ते ऑइल इंजिनाची लायनर करायचे, त्याच बिडातून एक स्लीव्ह ओतून घ्यायची. जुनं बॅरल मोठं कापून, तापवून त्यात ती प्रेसनं बसवायची आणि पुन्हा 70 ला बोअर करायचं. साठवरची गाडी एकदम स्टँडर्ड पिस्टनवर आली.

बाकीचं घरी झालं. व्हॉल्व्ह पेस्ट लावून घासायचं काम आम्हा पोरांकडे, दोन्ही तळहातांत काठी घुसळल्यासारखं. रिंग बॅरलात घालून तोंडाची फट फिलर गेजनं मोजायची, बोअरच्या दर इंचाला चार थाऊ. टॅपेट थंड इंजिनावर असे लावायचे की पुशरॉड बोटानं सहज फिरावा, पण वरखाली हलू नये. त्याला गेज लागत नाही, फक्त बोटं लागतात. मे संपता संपता तिसऱ्या किकला इंजिन बोललं. आजी बाहेर आली, धूर कुठल्या रंगाचा ते पाहिलं आणि काही न बोलता आत गेली. पहिले 500 किलोमीटर बाबांनी चाळीसच्या वर काटा नेला नाही. निवृत्तीपर्यंत ते त्याच गाडीवरून शाळेत गेले.

आता प्रश्न निराळा आहे. गाडी पुतण्याकडे आहे आणि त्याला ती 500 करायची आहे. स्ट्रोक तोच 90, बोअर 84. पण 500 चं बॅरल बसायला क्रँककेसचं तोंड कापावं लागतं, आणि एकदा कापलं की ते जुनं बॅरल परत बसत नाही. ती उद्यमबागेची स्लीव्ह फडताळात जाईल. बाबा म्हणतात, गाडी त्याची, त्यानं ठरवावं. माझ्या भावाला हे बिलकुल मान्य नाही. घरात दोन तट पडलेत, आणि मी अजून कुठल्याच तटात नाही.

मिस्त्री आता नाहीत. त्यांच्या हाताखाली शिकलेलं कुणी, किंवा स्लीव्ह घातलेलं जुनं बॅरल अजून चालवणारं कुणी अनगोळ, शहापूर किंवा कॅम्पात असेल तर जरूर कळवा. मे महिन्यात इंजिन उघडायचं आहे, त्याआधी बॅरल दाखवायला आणतो.