पानिपतचे वर्गणीदार

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठ्यांची एक पिढी कामी आली. त्या रणभूमीवर आज ‘काला अंब’ हे स्मारक उभे आहे. परंतु तेथील वृत्तांत टिकला तो कागदांमुळे. १८७८ साली काशिनाथ नारायण साने, जनार्दन बाळाजी मोडक व विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी पुण्यात ‘काव्येतिहाससंग्रह’ हे मासिक काढले. त्यातूनच ‘भाऊसाहेबांची बखर’ प्रसिद्ध झाली. मासिक म्हणजे वर्गणीदारांच्या भरवशावरचा संसार. तो सुमारे ११ वर्षे चालला. पुढे १८९८ मध्ये राजवाड्यांनी १७५० ते १७६१ या काळातील अस्सल पत्रे छापली आणि बखरीतील मजकूर ताडून पाहता येऊ लागला. पराभवाचीही स्मृती जपावी लागते. तिचे मोल वाचकांनी थोडेथोडे करून भरले.