हरक्युलीसची गाठ : एका नावाचा इतिहास

‘गाठ’ हा शब्द संस्कृत ‘ग्रन्थि’पासून प्राकृत ‘गंठि’च्या द्वारे मराठीत आला. गाठीचे प्रकार मराठी भाषक ती सुटते कशी यावरून ओळखतो : टोक ओढताच सुटणारी ती सुरगाठ, सहजी न सुटणारी ती निरगाठ. इंग्रज खलाशांच्या परिभाषेत निराळे तत्त्व आढळते. तेथे गाठीचा वर्ग तिच्या कामावरून ठरतो. दोन दोर जोडणारी ती ‘बेंड’, दोर खांबाला वा कडीला अडकविणारी ती ‘हिच’. हा भेद विसरल्यास काय घडते, हे एका गाठीच्या इतिहासावरून पाहण्याचा येथे हेतू आहे.

बालवीरांना आरंभीच शिकविली जाणारी ‘रीफ नॉट’ ही ती गाठ होय. उजवे टोक डाव्यावर, मग डावे उजव्यावर, एवढीच तिची कृती. प्राचीन ग्रीक व रोमन लोक तिला हरक्युलीसची गाठ म्हणत. या गाठीने पट्टी बांधल्यास जखम लवकर भरते, ही समजूत थोरल्या प्लिनीने इ. स. च्या पहिल्या शतकात नोंदविली आहे. हेराक्लास या ग्रीक वैद्याने केलेले तिचे वर्णन चौथ्या शतकातील ओरिबासिउसच्या वैद्यकसंग्रहामुळे टिकून राहिले. रोमन वधूच्या कमरपट्ट्यासही हीच गाठ असे. पट्टी असो वा कमरपट्टा, दोहोंतही गाठ एखाद्या वस्तूभोवती आवळलेली आहे, हे ध्यानात घ्यावे.

‘रीफ’ म्हणजे वारा वाढला असता शिडाचा गुंडाळून आखडता घेतला जाणारा भाग. तो बांधण्यास खलाशांनी ही गाठ योजिली. तिचे एक टोक उलट दिशेने ओढले की तो दोर सरळ होतो व दुसऱ्याचा वेढा त्यावरून घसरतो. शीड सोडताना हाच तिचा गुण. मात्र दोन दोर जोडण्यास ती वापरली की तोच गुण घातक ठरतो.

तरीही बेडन-पॉवेल यांच्या १९०८ मधील ‘स्काउटिंग फॉर बॉइज’ या ग्रंथात ही गाठ दोन दोर जोडण्यासाठीच सांगितली गेली. पुढे १९४४ मध्ये क्लिफर्ड अ‍ॅश्ली यांनी आपल्या गाठींच्या बृहत्कोशात इशारा दिला की, अशा वापरामुळे या एका गाठीने इतर कोणत्याही अर्धा डझन गाठींनी मिळून घेतले त्याहून अधिक बळी घेतले असावेत.

खलाशांनी तिला ‘बेंड’ म्हटले नव्हते. तिची मर्यादा त्या नावातच होती. गाठ जहाजावरून उतरून मैदानात आली, नाव पाठ झाले, परंतु ‘रीफ’चा अर्थ मागे राहिला. आज सह्याद्रीत माणसाचा भार पेलणारे दोर जोडताना गिर्यारोहक ‘डबल फिशरमन’सारखी गाठ बांधतात, रीफ नॉट पट्टी व गाठोडे बांधण्यापुरतीच ठेवणे युक्त. परिभाषा उसनी घेताना शब्दाबरोबर त्याचा वापरही घ्यावा लागतो. येथे त्याच्या विस्मृतीचे मोल मनुष्याच्या जीविताने द्यावे लागते.