कागदी लिंबाचं आजोळ

सरबतात, लोणच्यात, दारावरच्या लिंबू-मिरचीत सगळीकडे कागदी लिंबू असतं, म्हणून ते इथलंच, असं आपण धरून चालतो. त्याच्या हरितलवकातला डीएनए मात्र थेट फिलिपिन्सचं नाव घेतो. हे कळल्यापासून मला लिंबाच्या झाडाकडे पूर्वीसारखं बघता आलेलं नाही.

हरितलवक म्हणजे पानाला हिरवेपणा देणारा पेशीतला कण. त्याचा डीएनए वेगळा असतो. लिंबूवर्गात सुमारे १ लाख ६० हजार अक्षरांचा. बहुतेक फुलझाडांत तो आईकडूनच येतो. संकरित झाडाची आई त्यावरून ओळखता येते. बापासाठी केंद्रकातला डीएनए तपासावा लागतो.

लिंबूवर्गात कोणाचाही कोणाशी संकर होतो, त्यामुळे सगळा घोळ. वनस्पतिशास्त्रज्ञ स्विंगल यांनी इथे १६ जाती मानल्या, तर दुसरे वनस्पतिशास्त्रज्ञ तनाका यांनी १६२! पुढे महाळुंग, पपनस आणि संत्रावर्ग हे तीनच मूळपुरुष, असं मत पुढे आलं आणि डीएनएने ते बरंचसं उचलून धरलं. मोसंबीचं हरितलवक पपनसाचं निघालं. विदर्भात ज्या जंबेरीच्या खुंटावर नागपुरी संत्र्याचे डोळे बांधतात, तिची आईही संत्रावर्गातलीच.

कागदी लिंबू या तिघांच्या हिशेबात बसेना. २०१६ साली फ्रांक कर्क आणि सहकाऱ्यांनी दोन्ही डीएनए तपासले. बाप महाळुंग, आई सिट्रस मायक्रँथा, दक्षिण फिलिपिन्सकडची रानटी जात. लिंबाचं पान हातात घेऊन पाहा. देठाच्या दोन्ही कडांना अरुंद पंख दिसतील. महाळुंगाच्या देठाला ते जवळपास नसतातच, आणि मायक्रँथाचे इतके रुंद की पानाखाली दुसरं पान जोडल्यासारखं वाटावं. मुलाने मधला मार्ग धरला.

महाळुंग जंबेरीचाही बापच, आई कुठेच नाही. त्याचं परागण बरेचदा कळीतच उरकतं, दुसऱ्याच्या परागाला वावच राहत नाही, हा खुलासा मला पटतो.

मग हे लग्न लागलं कुठे? जुने लेखक ईशान्य भारताकडे बोट दाखवतात, कारण महाळुंग हिमालयाच्या पायथ्याकडचं. तसं असेल तर आई समुद्र ओलांडून इकडे आली असली पाहिजे. मला ते मान्य नाही. रानटी, आंबट, फारशा रसाचं नसलेलं फळ कोण कशाला इतक्या लांब आणेल? उलट महाळुंग जाड सालीचं, टिकाऊ, औषधाला आणि पूजेला चालणारं. व्यापाऱ्यांबरोबर गेला तो बापच, आणि मूल जन्मलं ते आजोळी, बेटांवर.

परतीचा प्रवास सोपा होता. या लिंबाच्या एका बीतून पुष्कळदा दोन-तीन कोंब फुटतात, आणि त्यांतले बहुतेक थेट त्या लिंबाच्या झाडाच्याच ऊतीतून आलेले, हुबेहूब त्याच्यासारखे. म्हणजे संकर एकदा झाला की पुरे. पुढे मूठभर बिया गलबतात असल्या की झालं. आपल्याकडे आजही कागदी लिंबाची रोपं कलमांपेक्षा बियांपासूनच जास्त करतात.