तळटीप १४ : हृदयाचा सीटी

१४. हृदयाचा सीटी : हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांची सीटी अँजिओग्राफी. जिंतूर हे परभणी जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण. लेखकाच्या रुग्णाला या तपासणीसाठी तिथून छत्रपती संभाजीनगरला जावे लागले. पुढे आलेला 'डोस' हा क्ष-किरणांचा आहे आणि तो मिलिसिव्हर्टमध्ये मोजतात. निसर्गातूनच माणसाला वर्षाकाठी सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. सुरुवातीच्या ६४-स्लाइस यंत्रांवर या एका तपासणीत १० ते १५ सहज जात; आता ठोके संथ आणि नियमित असतील तर ५ पेक्षा कमीत भागते. मात्र किरण कमी केले की चित्र दाणेदार होते, आणि तो दाणेदारपणा निम्म्यावर आणायचा तर डोस चौपट लागतो. रुग्णाला गोळी देऊन तासभर बाकावर बसवून ठेवले, ते ठोके संथ करून डोस कमी ठेवण्यासाठी. ठोके मिनिटाला ६०-६५च्या खाली आले की ईसीजीच्या तालावर, हृदय जवळजवळ स्थिर असते तेवढ्याच क्षणी किरण सोडता येतात. अंगकाठी सडपातळ असेल तर क्ष-किरण नळीचा विद्युतदाबही १२० वरून १०० किलोव्होल्टवर आणतात. तरीही डोस अवाजवी कमी करणे आम्हाला धोक्याचे वाटते : चित्र वाचता आले नाही तर तपासणी पुन्हा होते आणि किरण दुसऱ्यांदा घ्यावे लागतात. भारतात सीटी यंत्र चालवायला मुंबईच्या अणुऊर्जा नियामक मंडळाचा (स्थापना १९८३) परवाना लागतो. — संपा.