तळ्यातल्या गणपतीचे तळे

थंडीचा कडाका वाढला की सारसबागेतल्या गणपतीच्या अंगात स्वेटर आणि डोक्यावर कानटोपी चढते, वर्तमानपत्रांत फोटो छापून येतो आणि पुणेकरांना हिवाळा लागल्याची खात्री पटते. जुनी मंडळी या देवाला अजून ‘तळ्यातला गणपती’ म्हणतात. देवळाभोवती आज हिरवळ आणि कमळांची कुंडे आहेत. बागेबाहेर चौपाटीवर पावभाजीचे तवे खणखणत असतात. ज्या तळ्याच्या मधोमध हा देव बसवला, ते मात्र विसाव्या शतकात कोरडे झाले.

तळे बांधले नानासाहेब पेशव्यांनी. १७४९ साली त्यांनी पर्वतीच्या टेकडीवर देवदेवेश्वराची स्थापना केली आणि पायथ्याचा उजाड परिसर सजवायला घेतला. तो काळच पुण्यात पाण्याच्या कामांचा होता. कात्रजला ओढ्यावर बांध घालून तलाव होत होते. तिथून जमिनीखालच्या दगडी नळांतून, जागोजागी हवेसाठी उच्छ्वास ठेवत, पाणी शहरातल्या हौदांपर्यंत आणले जात होते. कात्रजच्याच डोंगरातून येणारा आंबिल ओढा पूर्वी थेट गावातून वाहत मुठेला मिळे आणि पावसाळ्यात वस्तीत शिरे. नानासाहेबांनी त्याची वाट गावाच्या अलीकडेच पश्चिमेला वळवली आणि पर्वतीखाली त्याचे पाणी अडवून तळे केले.

काम रेंगाळले तेव्हाची एक आख्यायिका पुण्यात सांगतात. पाहणीला आलेल्या पेशव्यांना मजुरांचा संथपणा खटकला. ते हत्तीवरून उतरले आणि स्वतःच दगड उचलू लागले. धनीच राबतोय म्हटल्यावर सरदारांना हत्ती-घोड्यांवर बसून राहणे शक्य नव्हते. तेही खाली उतरले. गोष्ट खरी असो वा रचलेली, १७५० च्या दशकात तळे पाण्याने भरले.

खोदताना मधोमध सुमारे पंचवीस हजार चौरस फुटांचा एक तुकडा तसाच राखला होता. त्या बेटावर बाग फुलवली, तीच सारसबाग. तिथे जायचे ते नावेतून. पेशवे निवडक माणसांना घेऊन नौकाविहार करत. राजकारणातली नाजूक बोलणी नावेतच होत आणि वल्ही मारायला मराठी न समजणारे हबशी ठेवत, अशीही एक गोष्ट सांगतात. तळ्याच्या काठी हिराबाग होती, पेशव्यांचे आरामाचे आणि पाहुणचाराचे ठिकाण. म्हणजे ही जागा जन्मापासूनच करमणुकीची; फक्त ती करमणूक एका घराण्याची आणि त्याच्या पाहुण्यांची होती.

१७८४ साली सवाई माधवरावांनी बेटावर लहानसे देऊळ बांधून सिद्धिविनायकाची स्थापना केली. पेशवे तेव्हा दहा वर्षांचे होते आणि कारभार नाना फडणविसांच्या हाती होता. या बालपेशव्याला जनावरांचा मोठा नाद. पर्वतीच्या पायथ्याशी त्याचा शिकारखाना होता. त्यातल्या गेंड्याचे चित्र १७९० साली गंगाराम तांबट या पुण्याच्या चित्रकाराने इंग्रज वकील चार्ल्स मॅलेटसाठी काढले. ते आज अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या कलासंग्रहात आहे.

१८०४ मध्ये दुसऱ्या बाजीरावांनी लॉर्ड व्हॅलेन्शिया या इंग्रज प्रवाशाला हिराबागेत मेजवानी दिली. काठावरून दिसणारे विस्तीर्ण तळे, मधले बेट, समोर देवळांनी नटलेली टेकडी, अशी त्याने जागेची नोंद करून ठेवली. पुढे तेरा वर्षांनी, ५ नोव्हेंबर १८१७ रोजी, त्याच टेकडीवरून बाजीरावांनी खडकीच्या लढाईत आपल्या फौजेची हार पाहिली. राज्य गेले आणि तळ्याचा धनीही गेला.

धनी नसलेल्या जागेत हळूहळू सार्वजनिक जीवन आले. काँग्रेसचे पहिले अधिवेशन डिसेंबर १८८५ मध्ये पर्वतीजवळच्या या पेशव्यांच्या बागेतच भरायचे होते. ऐन वेळी पुण्यात पटकी पसरली आणि प्रतिनिधींना मुंबईला, गोकुळदास तेजपाल पाठशाळेत जमावे लागले. ती इमारत होती गवालिया टँकजवळ. तेही तळेच; पुढे बुजवले गेले, त्याचे मैदान झाले आणि ८ ऑगस्ट १९४२ रोजी ‘छोडो भारत’चा ठराव तिथेच मंजूर झाला.

तळी बुजवण्याचा तो काळच होता. खडकवासल्याचे धरण १८७९ मध्ये पुरे झाले आणि पुण्याची तहान मुठेच्या पाण्यावर भागू लागली. मुंबईत धरणांचे पाणी नळाने घरात आल्यावर जुनी तळी निरुपयोगी झाली, नंतर मलेरियाच्या डासांचे घर म्हणून बदनामही. धोबी तलाव, सी. पी. टँक, दो टाकी ही नावे राहिली, पाणी गेले. पर्वतीच्या तळ्याचेही तेच झाले.

पुण्याने तळाची जमीन बऱ्यापैकी राखली, एवढे श्रेय त्याला द्यावे लागेल. १९५० मध्ये महानगरपालिका आली आणि १९५३ मध्ये सारसबागेला लागून पेशवे उद्यान सुरू झाले. पेशव्यांच्या शिकारखान्याच्या परिसरात पुन्हा प्राणी आले, पण आता ते कुणीही पाहू शकत होते. १९५६ पासून तिथे ‘फुलराणी’ ही छोटी आगगाडी धावू लागली. पुण्यातल्या कित्येकांचा पहिला रेल्वेप्रवास तोच. जुन्या तळाशी हिरवळ अंथरली गेली. जिथे नावेशिवाय जाता येत नव्हते, तिथे लोक डबे घेऊन सहकुटुंब बसू लागले. १९९९ मध्ये कात्रजला प्राणिसंग्रहालय उभे राहिले आणि पेशवे उद्यानातली जनावरे पुढे तिकडे गेली, म्हणजे नानासाहेबांच्या एका तळ्याशेजारून दुसऱ्या तळ्याच्या काठी. दिवाळीत पहाटे हजारो पुणेकर नवे कपडे घालून तळ्यातल्या गणपतीला येतात, आणि बागेत पणत्या लागतात.

या बदलात शहराने एक गोष्ट गमावलीही. आंबिल ओढा अजून वाहतोच, पण त्याचे पाणी सामावून घेणारी जागा उरली नाही आणि काठ वस्तीने आवळले आहेत. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री तो फुगला. काठच्या सोसायट्यांच्या भिंती कोसळल्या, मोटारी वाहून गेल्या, माणसे दगावली. तळे असते तर हे टळले असते, असा दावा करता येणार नाही. पण ओढ्याला थोपवण्याची एक सोय पूर्वी होती, हे खरे.

पुण्यात कात्रज आणि पाषाण ही जुनी तळी अजून भरतात. दोन्हींत सांडपाणी येते, गाळ साचतो, पाषाणला जलपर्णी माजते. काठावर फिरायला येणाऱ्यांची गर्दी मात्र कमी होत नाही. पालिकेने आधी सांडपाणी थांबवावे आणि गाळ काढावा. बाग हवी असेल तर ती काठावर करावी, तळ्याचा तळ पाण्यासाठीच ठेवावा.